मासे कधी धरावेत?
गावतळे आणि शेततळे यांतील मासळी काढण्याची योग्य वेळ



ज्वारी कापणीला आली की नाही, हे तुम्हांला कोणी सांगावे लागत नाही. कणसातला दाणा दाताखाली धरला की कळते. कापसाचे बोंड उमलले की दिसते. मासळीचे पीक मात्र पाण्याखाली असते. ते किती वाढले, तयार झाले की नाही, त्याला काही त्रास होतो आहे की काय, हे वरून दिसत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी असे होते की बीज वेळेवर सोडले जाते, खाद्यही घातले जाते, राखणही होते. पण काढणीची वेळ चुकते. आठ-नऊ महिन्यांची मेहनत मग मे महिन्यातल्या एखाद्या ढगाळ रात्रीत पांढऱ्या पोटाने पाण्यावर तरंगताना दिसते.

काढणीची वेळ म्हणजे नुसता महिना नव्हे. पाणी किती आहे, दिवसाचा प्रहर कोणता, हवा कशी आहे आणि बाजार कधी आहे, या साऱ्यांचा मेळ घालावा लागतो. या पत्रकात कटला, रोहू, मृगळ हे आपल्या तळ्यात पाळले जाणारे मासे मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवले आहेत. ओढ्यातले आणि मोठ्या तलावातले मासे गळाने किंवा फेकजाळ्याने धरणाऱ्यांसाठीही काही सूचना पुढे दिल्या आहेत.

पाण्यातला प्राणवायू : सर्व गोष्टींचे मूळ

मासाही आपल्यासारखाच प्राणवायूवर जगतो. फरक एवढाच की तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. एक लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला की मासा मजेत असतो. ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्याला धाप लागते, आणि आणखी कमी झाला की तो मरतो.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली गोष्ट, पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशाला साडेसातच. उलट, गरम पाण्यात माशाचा श्वास जलद चालतो, म्हणजे त्याची गरज वाढते. उन्हाळ्यात मिळकत कमी आणि खर्च जास्त, अशी माशाची स्थिती होते.

दुसरी गोष्ट, तळ्यातला बराचसा प्राणवायू पाण्यातली हिरवी शेवाळ उन्हाच्या मदतीने तयार करते. दिवसा हे काम चालते. दिवस मावळला की ते बंद पडते आणि रात्रभर मासे, शेवाळ, तळाचा गाळ, सगळेच प्राणवायू खात राहतात. म्हणून तळ्यातला प्राणवायू दुपारी तीन-चार वाजता सर्वांत जास्त आणि पहाटे, झुंजूमुंजू होताना, सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून बुडबुडे सोडताना दिसले, तर ते खेळत आहेत असे समजू नका. ते हवेसाठी तडफडत असतात.

पहाट आणि सकाळ : दोन कामांच्या दोन वेळा

“मासे पहाटे काढावेत” असे सगळेच सांगतात. हे बरोबर आहे, पण अर्धेच. तुम्हांला सगळी मासळी काढायची आहे, की फक्त मोठे मासे काढून लहान परत सोडायचे आहेत, यावर वेळ ठरते.

तळे पूर्ण रिकामे करायचे असेल तर तांबडे फुटायच्या आत जाळे ओढायला लागावे. गारव्यात मासा टिकतो, उन्हाच्या आधी गाडीत चढतो आणि सकाळच्या बाजाराला पोचतो. एकही मासा परत सोडायचा नसल्यामुळे प्राणवायू कमी असला तरी तितके बिघडत नाही.

थोडी मासळी काढायची असेल तर मात्र घाई करू नये. कासराभर दिवस वर येऊ द्यावा. ऊन पाण्यावर पडून तास-दोन तास झाले की प्राणवायू वाढू लागतो. मग जाळे ओढावे आणि ऊन चढायच्या आत, म्हणजे उन्हाळ्यात साडेनऊ-दहाच्या सुमारास, काम आटपावे. पहाटेच्या कमी प्राणवायूत जाळ्यात कोंडलेला, दमलेला लहान मासा तुम्ही परत सोडता. तो पोहत जाताना दिसतो आणि संध्याकाळी मरून वर येतो. हे नुकसान पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हाळ्यात जाळे ओढूच नये. या वेळी पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी काठावरचे उथळ पाणी तापलेले असते, आणि मासा पाण्याबाहेर आला की पाहता पाहता खराब होऊ लागतो.

या दिवशी जाळे टाकू नये

१. सकाळी मासे वर येऊन धापा टाकत असतील त्या दिवशी. थोडी मासळी काढण्याचे काम तर त्या दिवशी मुळीच करू नये.

२. दोन-तीन दिवस सारखे ढगाळ असेल आणि वारा पडलेला असेल तेव्हा. ऊन नसल्यामुळे शेवाळ प्राणवायू तयार करीत नाही.

३. वळवाचा जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच. गार पाणी तापलेल्या तळ्यात शिरले की वरचे-खालचे पाणी मिसळते आणि तळाचे घाणेरडे, प्राणवायू नसलेले पाणी वर येते.

४. पाणी गडद हिरवे झाले असेल तेव्हा. याची परीक्षा सोपी आहे. तळहात आडवा धरून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. कोपर बुडेपर्यंत तळहात दिसत राहिला तर ठीक. त्याच्या बऱ्याच आधी दिसेनासा झाला तर शेवाळ फार झाली असे समजावे. शेण, खत आणि खाद्य ताबडतोब थांबवावे.

पहाटे मासे धापा टाकताना दिसले तर पंप सुरू करून विहिरीचे ताजे पाणी उंचावरून, फवारा उडेल असे सोडावे. ताजे पाणी नसेल तर तळ्याचेच पाणी उचलून तळ्यातच उडवावे. पाणी हवेतून पडताना प्राणवायू घेऊन पडते. त्या दिवशी खाद्य घालू नये.

पाणी किती राहिले? काठीला विचारा

आपल्या कोरडवाहू भागात मासळी काढण्याची तारीख पंचांगापेक्षा पाणीच ठरवते. एप्रिल-मे महिन्यात उन्हाने आणि वाऱ्याने रोज साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे महिन्याला जवळजवळ एक फूट. यात तुम्ही पिकाला उपसलेले पाणी धरलेले नाही.

एक साधा उपाय करा. आठ-दहा फुटांची काठी किंवा पाइप घेऊन त्यावर रंगाने फुटांच्या खुणा करा आणि तळ्याच्या सर्वांत खोल जागी उभी रोवा. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात काठी रोवता येणार नाही. तेथे खुणा केलेली दोरी दगडाऐवजी वाळूच्या पिशवीला बांधून सोडावी. दर रविवारी खूण वाचून वहीत लिहावी.

पाणी पाच फुटांवर आले की जाळेवाल्याशी आणि व्यापाऱ्याशी बोलणी सुरू करावीत. चार फुटांवर मोठी मासळी काढून टाकावी. तीन फुटांच्या खाली पाणी जाण्याआधी तळे रिकामे झाले पाहिजे. तीन फुटांच्या खालचे पाणी मे महिन्यात दुपारी तापते, पहाटे त्यात प्राणवायू उरत नाही, आणि बगळे, खंड्या, पाणकावळे यांचेही काम सोपे होते.

“अजून थोडे वजन वाढू दे” असे मनात येते. ते साहजिक आहे. पण हिशेब करून बघा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हा सर्वांत मोठा आकार होता. म्हणजे सुमारे ९ गुंठे पाणी. हेक्टरी ५,००० बोटुकली या प्रमाणात अशा तळ्यात ४५० बोटुकली बसते. दहातले सात मासे जगले आणि सरासरी ६०० ग्रॅमचे झाले असे धरले, तर पावणेदोनशे ते दोनशे किलो मासळी होते. उथळ, तापलेल्या पाण्यात ठेवून पंधरा दिवसांत माशामागे थोडे वजन वाढेलही. पण त्यासाठी दोनशे किलोची जोखीम घेणे व्यवहाराचे नाही. शिवाय गरम पाण्यात दमलेला मासा खातही नाही, मग वाढणार कसा?

हंगाम आणि वजन

आपल्याकडे मत्स्यबीज बहुधा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरपर्यंत सोडले जाते. माशाची वाढ २५ ते ३२ अंशांच्या पाण्यात चांगली होते. २० अंशांच्या खाली तो सुस्तावतो आणि खाणे कमी करतो. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी ते एप्रिल हे दोन काळ वाढीचे. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबल्यासारखी वाटली तर घाबरू नका आणि खाद्यही वाढवू नका. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते.

सहा-आठ महिन्यांनी पाणी आटणाऱ्या तळ्यात मार्च-एप्रिलपर्यंत काढणी उरकावी. बारमाही पाणी असेल तर एकदम काढू नये. कटला सर्वांत लवकर वाढतो. तो पाऊण-एक किलोचा झाला की तेवढेच मोठे मासे काढावेत. मागे राहिलेल्यांना जागा, खाद्य आणि प्राणवायू जास्त मिळतो आणि ते झपाट्याने वाढतात. रोपांची विरळणी करतो तसेच हे आहे.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नये. महिन्यातून एकदा खाद्य घालण्याच्या जागी फेकजाळे टाकून प्रत्येक जातीचे दहा-वीस मासे तोलावेत, सरासरी काढावी आणि लगेच ओल्या हाताने पाण्यात सोडावेत. कोरड्या हाताने धरले की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे रोग धरतो. कडाक्याच्या थंडीत मात्र हे काम कमीत कमी करावे. थंडीत जाळ्याने खवले गेलेल्या माशाची जखम लवकर भरत नाही, तीवर बुरशी येते. त्या दिवसांत जाळे ओढलेच, तर हाती आलेला मासा विकावा.

गळ आणि फेकजाळे वापरणाऱ्यांसाठी

ओढा, नदी किंवा मोठ्या तलावात स्वतःपुरते मासे धरणाऱ्यांनी माशाच्या भुकेची वेळ ओळखावी.

उन्हाळ्यात मासे सकाळी उजाडल्यापासून आठ-नऊपर्यंत आणि पुन्हा दिवस कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत काठाशी चरायला येतात. भर दुपारी ते खोल डोहात किंवा झाडाच्या सावलीत जाऊन बसतात. हिवाळ्यात उलट असते. सकाळी पाणी गार असल्याने मासा हलत नाही. अकरा ते चारच्या दरम्यान, उन्हाने काठचे पाणी जरा कोमट झाले की गळाला लागतो.

शिंगाळा, वाम, मागूर हे रात्री फिरणारे मासे. यांच्यासाठी अंधार पडल्यावरची वेळ चांगली आणि आमिष गांडुळाचे. रोहू-मृगळ कणकेच्या किंवा पेंडेच्या गोळीला येतात. मरळ हा बाहेरची हवा घेणारा मासा असल्याने कमी पाण्यात, गवताळ जागी, उन्हाळ्यातही सापडतो. तो वर येऊन हवा घेतो तेथे वर्तुळ उठते. तीच जागा धरावी.

वारा एका दिशेने सतत वाहत असेल तर पाण्यावरचे बारीक जीव समोरच्या काठाला गोळा होतात आणि कटला बहुधा त्यांच्यामागे जातो. फेकजाळे टाकणाऱ्याने तो काठ आधी बघावा. हलका पाऊस होऊन पाणी किंचित गढूळ झाले आणि चढू लागले की मासे चरायला निघतात. पूर येऊन पाणी लाल झाले की गळ गुंडाळून घरी यावे. मासाही मिळत नाही आणि जीवालाही धोका.

अमावास्या-पौर्णिमेचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. समुद्रात भरती-ओहोटीमुळे तिथीला महत्त्व आहे. तळ्यात भरती येत नाही. फक्त एवढे खरे की चांदण्या रात्री उभे लावलेले जाळे माशाला दिसते आणि तो वळसा घालून जातो. म्हणून रात्री जाळे लावायचे तर काळोखी रात्र बरी.

मृगाचा पाऊस आणि अंड्यांवरचा मासा

पहिल्या मोठ्या पावसाने ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात. बांधाच्या सांडव्यावर, शेताच्या मोरीपाशी, अगदी गुडघाभर पाण्यात मोठमोठे मासे सापडतात. काठी, टोपली, घोंगडे, जे हाती येईल ते घेऊन लोक धावतात. पण हे मासे कशासाठी चढतात? अंडी घालण्यासाठी. कटला, रोहू, मृगळ हे पावसाळ्यात वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. पोट फुगलेल्या एका मोठ्या मादीत लाखांनी अंडी असतात. तिला सांडव्यावर धरणे म्हणजे बियाण्याची कणगी फोडून भाकरी करण्यासारखे आहे.

मरळीच्या बाबतीतही हेच. पावसाळ्यात तिची तांबूस रंगाची पिले पाण्यावर पुंजक्याने फिरतात आणि आई-बाप त्यांच्याखाली राखण करतात. त्या वेळी त्यांना गळाला लावले की मागे उरलेली पिले इतर मासे खाऊन टाकतात. म्हणून पावसाळ्याचे पहिले दोन महिने ओढ्या-नदीतल्या माशांना मोकळे सोडावे. सार्वजनिक जलाशयावर या काळात मासेमारीचे जे निर्बंध असतील ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून पाळावेत.

तुमच्या स्वतःच्या तळ्यातल्या पाळलेल्या कटला-रोहूला हा नियम लागू नाही. ते तेथे अंडी घालणारच नाहीत. त्यांचे बीज आज केंद्रांवर तयार होते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालील पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून मोठ्या माशांकडून साठलेल्या पाण्यात अंडी घालून घेतली. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व कमी होत गेले. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. पण विकत मिळते म्हणून ओढ्यातले बियाणे मोडू नये. ओढ्यात कोणी बीज आणून सोडत नाही.

जाळे ओढताना

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. रिकाम्या पोटाचा मासा जास्त वेळ टिकतो आणि वाहतुकीत लवकर खराब होत नाही. तळ्यातल्या काटक्या, फांद्या, दगड आधी काढून ठेवावेत. कटला आणि रोहू जाळ्यावरून उडी मारतात. चंदेरा तर हमखास. म्हणून जाळ्याची वरची दोरी उंच धरावी. मृगळ आणि सायप्रिनस जाळ्याखालून गाळात शिरतात. म्हणून खालची दोरी तळाला चिकटून चालली पाहिजे.

एका दिवशी दोनपेक्षा जास्त वेळा जाळे ओढू नये. प्रत्येक ओढीला तळाचा गाळ ढवळला जातो, त्यातून दूषित वायू सुटतात आणि उरलेला प्राणवायूही गाळच खातो. पाहिजे तितकी मासळी निघाली नाही तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा ओढावे. जाळे काठाशी आणले की लहान मासे दहा-पंधरा मिनिटांत निवडून खोल पाण्यात सोडावेत. त्यांना उथळ चिखलात दाटीने ठेवून मोठ्या माशांचे मोजमाप करीत बसू नये.

अस्तराच्या शेततळ्यात विशेष काळजी घ्यावी. जाळ्याची वजने गुळगुळीत असावीत, टोकदार लोखंडाची नसावीत. एका भोकाने तळे गळू लागते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ओले प्लास्टिक साबणासारखे निसरडे असते. पोहता येणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. जाग्याजागी गाठी मारलेला जाड दोर काठाच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलेला असावा, जवळ हवा भरलेली ट्यूब असावी, आणि एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये. मुलांना काठावर येऊ देऊ नये. मे-जून महिन्यात आभाळ गडगडू लागले की ओले जाळे टाकून लगेच पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये.

बाजाराचा दिवस आणि बर्फ

मासा धान्यासारखा कोठारात ठेवता येत नाही. उन्हाळ्यात बर्फाशिवाय पाच-सहा तासांत तो उतरतो. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग बर्फ, मग जाळे, असा क्रम ठेवावा.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी मासळी काढणे सोयीचे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, श्रावण या दिवसांत आपल्याकडे मागणी घटते. श्रावण लागण्यापूर्वीच्या आठवड्यात ती वाढते. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा गोड्या पाण्यातल्या मासळीला शहरात विचारणा असते. ज्यांच्या तळ्यात तोपर्यंत पुरेसे पाणी टिकते त्यांनी थोडी मासळी या दिवसांसाठी राखावी. ज्यांचे पाणी आटते त्यांनी मात्र या भावाच्या आशेने थांबू नये.

काढलेली मासळी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत ठेवावी. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण धरावे. खोक्यात किंवा टोपलीत एक थर बर्फाचा, एक थर मासळीचा असे भरावे आणि वितळलेले पाणी खालून निघून जाईल अशी व्यवस्था ठेवावी. लांब पाठवायचे मोठे मासे कल्ले व आतडी काढून भरावेत. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि अंग घट्ट असलेल्या माशाला व्यापारी नाव ठेवू शकत नाही.

हे कधीही करू नये

विषारी औषध टाकून, सुरुंगाची दारू उडवून किंवा विजेची तार सोडून मासे धरू नयेत. विष आणि स्फोटके वापरणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. कायद्याचे बाजूला ठेवले तरी, त्या पाण्यावर गुरे येतात, बायका धुणे धुतात, आणि तो मासा कोणाच्या तरी ताटात जातो. विजेच्या तारेने मासे धरायला गेलेला माणूस स्वतःच त्या पाण्यात उभा असतो, हे विसरू नये. गावतळे ठेक्याने दिलेले असेल तर ठेकेदार संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय जाळे टाकू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. तळे रिकामे करायचे तर पहाटे. निवडून काढायचे तर कासराभर दिवस वर आल्यावर.

२. सकाळी मासे धापा टाकत असतील, आभाळ दाटलेले असेल किंवा वळीव नुकताच पडला असेल तर जाळे घरीच ठेवा.

३. पाच फुटांवर बोलणी, चार फुटांवर पहिली काढणी, तीन फुटांच्या आत तळे रिकामे.

४. खाद्य आदल्या दिवशी बंद. जाळे दिवसातून फार तर दोनदा.

५. बर्फ आणि गिऱ्हाईक ठरल्याशिवाय मासा पाण्याबाहेर काढू नका.

६. पावसाळ्यात ओढ्यात चढणारा मासा धरू नका.

७. अस्तराच्या तळ्यात दोर आणि ट्यूब असल्याशिवाय पाय ठेवू नका.

हे पत्रक तळ्यावरच्या खोपीत किंवा पंपाच्या खोलीत लावून ठेवावे. पाण्याच्या खुणांची वही त्याच्याजवळच ठेवावी. पुढच्या वर्षी बीज किती आणि केव्हा सोडायचे हे ठरवताना तीच वही उपयोगी पडेल. तुमच्या तळ्याबद्दल काही अडचण असल्यास पाण्याची खोली, बीज सोडल्याची तारीख आणि माशांचे सरासरी वजन लिहून आणून जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. या तीन गोष्टी हाताशी असल्या की सल्ला देणाऱ्यालाही नेमके सांगता येते.

रामराम.